इयाच्या उतारावर माणसं हवी आहेत

जपानच्या शिकोकू बेटावर, तोकुशिमा प्रांताच्या पश्चिम टोकाला इया नावाचं खोरं आहे. तिथला शेतकरी वसंतात पेरणीआधी एक काम उरकतो. वर्षभरात खाली घसरलेली माती तो पुन्हा वर ओढून नेतो. शेत म्हणजे डोंगराचा उघडा उतार, काही ठिकाणी तर ४० अंशांचा, आपल्या घरातल्या जिन्यापेक्षाही चढा. बहुतेक शेतांत सपाट खाचरं नाहीत, उतारावरच पेरायचं. हातात दाताळ्यासारखं रुंद दातांचं अवजार, तोंड डोंगराकडे, पाय घट्ट रोवलेले. अवजार खाली टेकवायचं, सुटी माती वर ओढायची, एक पाऊल सरकायचं, पुन्हा ओढायची. एक पट्टा संपला की कंबर सरळ करायची आणि दुसरा धरायचा. ट्रॅक्टर तिथे उभाच राहत नाही. पिढ्यान्‌पिढ्या माणसांनी हे केलं, म्हणून त्या उतारावर आजही पीक उभं राहतं.

हे काम करणाऱ्यांपैकी बहुतेकांनी आता सत्तरी ओलांडली आहे. मुलं ओसाकाला, नातवंडं टोकियोला. आणखी दहा वर्षांनी ही माती वर कोण ओढणार, हा प्रश्न तिथल्या घराघरांत आहे आणि फार थोड्या घरांत त्याला उत्तर आहे. इया वाचवायला हवं. आणि जपान दूर असला तरी त्या कामाला मराठी माणसांनीही हात लावायला हवा, हे सांगण्यासाठी हा लेख आहे.

जपानी लोक आपल्या देशातल्या तीन दुर्गम मुलखांची नावं एका दमात घेतात: शिराकावा-गो, शिइबा आणि इया. शिराकावा-गोला जागतिक वारशाचा दर्जा मिळाला आणि तिथे पर्यटकांची रीघ लागली. इया मागे राहिलं. इया नदीने कापलेली घळ इतकी अरुंद आणि खोल आहे की तळाशी वस्ती करायला जागा नाही आणि ऊनही पोचत नाही. म्हणून माणसं वर गेली. डोंगराच्या ज्या भागात फार पूर्वी दरडी सरकल्या होत्या, तिथे खडक फुटून माती तयार झाली होती आणि पाण्याचे झरे होते. तिथेच घरं बांधली गेली, घरांच्या वर-खाली शेतं झाली. ओचिआई ही त्यांतली एक वाडी. तिचं सगळ्यांत खालचं घर आणि सगळ्यांत वरचं घर यांच्या उंचीत सुमारे ३९० मीटरचा फरक आहे. शेजाऱ्याकडे जायचं म्हणजे एक टेकडी चढायची. २००५ साली जपान सरकारने ही वाडी पारंपरिक वास्तूंचं संरक्षित क्षेत्र म्हणून जाहीर केली.

११८५ साली ताइरा घराण्याचा मिनामोतोंकडून पराभव झाला, तेव्हा जीव वाचवून पळालेले काही ताइरा वीर इथे येऊन लपले, असं खोरं मानतं. त्यांचा म्हणून सांगितला जाणारा लाल ध्वज इथल्या एका जुन्या घराण्याने जपून ठेवला आहे. वेलींचा झुलता पूलही त्याच कथेला जोडलेला आहे: शत्रू आला की तोडून टाकता यावा म्हणून वेलींचा. कथा खरी असो वा नसो, पूल खरा आहे. ४५ मीटर लांब, नदीपासून १४ मीटर उंच. दर तीन वर्षांनी जंगलातून सुमारे सहा टन वेली आणून तो नव्याने विणावा लागतो. आता आत पोलादी तार असते, पण विणकाम जुन्याच पद्धतीचं. खोऱ्यात धड रस्ता आला तो १९२० साली.

२००६ मध्ये पूर्व इया आणि पश्चिम इया ही दोन्ही गावं आसपासच्या चार नगरांसह मियोशी या नव्या शहरात विलीन झाली. शहर हे नावापुरतं. मियोशीचं क्षेत्रफळ ७२१ चौरस किलोमीटर आहे, म्हणजे मुंबई शहर आणि उपनगर हे दोन्ही जिल्हे मिळून होतात त्याहून मोठं. आणि २०२० च्या जनगणनेत तिथली लोकसंख्या २४ हजारांच्या आत होती. मुंबईत एवढी माणसं काही मोजक्या सोसायट्यांत मावतात. त्यातलेही बरेचसे लोक खाली, रेल्वेच्या काठाने राहतात. वरच्या वाड्यांत किती उरत असतील, याचा अंदाज वाचकांनीच करावा.

पण इयाची गोष्ट फक्त वेलींच्या पुलाची आणि गवताने शाकारलेल्या घरांची नाही. तसं मानलं तर दोन-चार घरं आणि एक पूल जतन करून काम संपलं म्हणता येईल. तिथला खरा ठेवा आहे तो शेतीचा. तो समजावून घेतल्याशिवाय पुढचं सगळं बोलणं फुकट आहे.

शरद ऋतूत इयातले लोक गवत कापतात. उंच वाढणारं, ताठ दांड्याचं माळरानी गवत, ज्याला तिथे काया म्हणतात. प्रत्येक वाडीने या गवतासाठी डोंगराचा काही भाग राखून ठेवलेला असतो. कापलेल्या गवताच्या पेंढ्या बांधून त्यांची शेताच्या कडेला उभी गंजी रचतात, मधोमध खांब, भोवती पेंढ्या, वर टोपीसारखी बांधलेली शेंडी. आपल्याकडे कोकणात उडवी रचतात तशीच ती दिसते. हिवाळाभर ती गंजी बर्फात उभी राहते. वसंत आला की ते वाळलेलं गवत बारीक तोडून सगळ्या शेतभर पसरतात. पावसाचा मारा गवतावर पडतो, माती फुटत नाही. घसरणारी माती गवताच्या काड्यांत अडकते. उन्हाळ्यात ओल टिकते. आणि सावकाश कुजून तेच गवत खत होतं. काँक्रीटची भिंत नाही, प्लॅस्टिक नाही, बाहेरून विकत आणलेली फारशी कुठली वस्तू नाही. एक गवत आणि ते केव्हा, किती, कसं पसरायचं याची जाण. शिवाय दरवर्षी कापणी होते म्हणून ती कुरणं कुरणंच राहतात, त्यांत झुडूप माजत नाही, आणि उघड्यावर वाढणाऱ्या कितीतरी रानफुलांना तिथे जागा मिळते.

या शेतांत काय पिकतं ते वाचून मराठी वाचकाला नवल वाटेल. मुख्य पीक सोबा, म्हणजे कुट्टू. ऑगस्टच्या सुमारास पेरलेला सोबा सप्टेंबरात पांढरा फुलतो आणि अख्खा उतार फुलांनी भरून जातो. त्याच्या जोडीला नाचणी, राळा, ज्वारी, वरी. होय, आपलीच नाचणी. मावळात आणि कोकणात वरकस जमिनीवर जी पिकं आपण शेकडो वर्षं घेतली, तीच सहा हजार किलोमीटरहून दूर असलेल्या एका जपानी डोंगरउतारावर आजही म्हातारी माणसं घेतात. भात पिकवायला सपाटी आणि पाणी लागतं, ते इथे नव्हतं. भरड धान्यांनीच या माणसांना जगवलं. त्यांच्या जोडीला लहान, घट्ट बटाटे, चहाची झुडपं आणि दोरीने बांधून नेता येईल इतका टणक टोफू.

२०१८ साली संयुक्त राष्ट्रांच्या अन्न आणि कृषी संघटनेने पश्चिम तोकुशिमातल्या या तीव्र उताराच्या शेतीला जागतिक महत्त्वाचा कृषी वारसा म्हणून मान्यता दिली. या भागात उतारांवर विखुरलेल्या अशा सुमारे दोनशे वाड्या आहेत. मान्यतेचं प्रमाणपत्र भिंतीवर लागलं, पण प्रमाणपत्र माती वर ओढत नाही.

आणखी एक गोष्ट मराठी माणसाला लगेच जवळची वाटेल. इयाच्या बायका रात्री दगडी जात्यावर सोबा दळत आणि दळताना गात. ते दळणाचं गाणं आज जपानभर लोकगीत म्हणून ओळखलं जातं, मंचावर गायलं जातं, त्याच्या स्पर्धा होतात. पण जात्यापाशी बसून, हात फिरवत, झोप टाळण्यासाठी ते म्हणणाऱ्या बायका आता बोटांवर मोजण्याइतक्याच असतील. जात्यावरच्या ओव्यांचं काय मोल असतं ते महाराष्ट्राला सांगायला नको. हेमा राईरकर आणि गी पॉइत्वाँ यांनी आणि त्यांच्याबरोबर गावोगावच्या बायकांनी एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या, म्हणून त्या आज वाचता-ऐकता येतात. गाणाऱ्या बायका हयात होत्या तेव्हाच हे काम झालं. पुढे ढकललं असतं तर राहून गेलं असतं.

हे खोरं ओस का पडलं, याची उत्तरं जपानमध्ये सगळ्यांना ठाऊक आहेत. दुसऱ्या महायुद्धानंतर देश उभारायला लाकूड हवं होतं. सरकारने डोंगरांवर सुगी, म्हणजे जपानी देवदार, लावायला प्रोत्साहन दिलं. लोकांनी गवताची कुरणंही मोडून झाडं लावली, नातवंडांच्या कामी येतील या आशेने. १९६४ पर्यंत लाकडाची आयात खुली झाली. झाडं तोडायला आली तोवर बाहेरून येणारं लाकूड इतकं स्वस्त होतं की तोडणीचाही खर्च निघेना. आज जपानच्या जंगलांपैकी सुमारे ४० टक्के जंगल असं लावलेलं आहे आणि त्यातला मोठा भाग विरळणीविना दाट, काळोखा उभा आहे. खाली ऊन पोचत नाही, तळाचा झाडोरा मरतो, माती उघडी पडते आणि पावसात वाहते. ज्या डोंगरावर गवताने माती धरून ठेवली होती, तिथेच झाडं असूनही ती निसटते आहे. इयाच्या उतारांवर तंबाखू हे एकेकाळी रोख पैसा देणारं पीक होतं, तेही गेलं. त्याच काळात कारखान्यांना माणसं हवी होती आणि गावागावांतून पंधरा-सोळा वर्षांची मुलं आगगाडीत बसून ओसाका-टोकियोला गेली. १९७० मध्ये संसदेला ओस पडणाऱ्या प्रदेशांसाठी खास कायदा करावा लागला. पुढे कोचीच्या विद्यापीठातले समाजशास्त्रज्ञ ओनो आकिरा यांनी निम्म्याहून अधिक रहिवासी पासष्टीपुढचे असलेल्या वाड्यांचा अभ्यास केला आणि त्या टिकण्याच्या शेवटच्या काठावर आहेत, असं बजावलं. २०१४ साली माजी मंत्री मासुदा हिरोया यांच्या समितीने ८९६ नगरं आणि गावं नाहीशी होण्याची शक्यता आहे, अशी यादीच छापली. २०२४ मध्ये जपानमध्ये सात लाखांहून कमी मुलं जन्मली. २०२३ च्या पाहणीत देशभर ९० लाख घरं रिकामी आढळली, आणि रिकाम्या घरांचं प्रमाण सर्वाधिक असलेल्या दोन प्रांतांपैकी एक तोकुशिमा.

एक घर बंद होतं तेव्हा ते एकटं बंद होत नाही. झऱ्यावरून वाडीला येणारी पाण्याची नळी, पायवाटेवरचं गवत, देवळाचा उत्सव, छप्पर शाकारणं, ही सगळी सावडीने व्हायची कामं. दहा घरांची सावड चार घरांवर येते, मग दोनांवर. ओसाड शेतात झुडूप माजतं, त्यात रानडुकरं आणि माकडं मुक्काम करतात आणि शेजारच्या म्हातारीचे बटाटे उकरतात. ती कुंपण घालते. पुढच्या वर्षी कुंपण दुरुस्त करायला अंगात बळ नसतं, मग तीही पेरत नाही. कसणं थांबलेलं शेत आजूबाजूची शेतंही आपल्याबरोबर घेऊन जातं.

पूर्व इयाच्या अगदी आत नागोरो नावाची वाडी आहे. एक बाई वडिलांची काळजी घ्यायला ओसाकाहून तिथे परतल्या. पक्षी बियाणं खातात म्हणून शेतात त्यांनी एक बुजगावणं केलं, ते वडिलांसारखं दिसलं. मग गेलेल्या शेजाऱ्यांची, गाव सोडून गेलेल्यांची बुजगावणी होऊ लागली. २०१२ साली शाळा बंद झाली. आज त्या शाळेत गेलात तर वर्गात मुलं बसलेली दिसतात, फळ्यासमोर शिक्षक उभे असतात, आणि सगळी कापडाची. शाळेतल्या शेवटच्या दोन मुलांचे पुतळेही त्यांत आहेत. रस्त्याकडेला, थांब्यावर, शेतात पुतळे. वाडीतली माणसं तिसेक किंवा त्याहूनही कमी, आणि पुतळे तीनशेहून जास्त. जगभरचे वार्ताहर तिथे गेले, चित्रफिती झाल्या, पर्यटकही येतात. त्या बाईंच्या कामात जी माया आहे तिच्यापुढे हात जोडावेत. पण येणाऱ्यांपैकी बहुतेक जण पुतळ्यांचे फोटो काढतात आणि गाडी वळवून खाली जातात, याचं मला वाईट वाटतं. बुजगावण्यांच्या मागे जे शेत आहे, त्याची चौकशी फार थोडे करतात. वेलींच्या पुलावरही तेच. बस येते, पूल ओलांडला जातो, बस जाते. वरच्या वाडीला त्यातून काही मिळत नाही.

असं म्हणणारेही आहेत, आणि ते जपानमध्येच आहेत, की ही गावं सुखाने मिटू द्यावीत. चार घरांसाठी रस्ता, वीज, बस, डॉक्टर कशाला पुरवायचा. माणसांना खाली शहरात आणावं, म्हणजे सगळ्यांचा खर्च वाचेल. हा हिशेब कागदावर बरोबर आहे. पण त्यात डोंगराचा खर्च धरलेला नाही. इया नदी योशिनो नदीला मिळते आणि योशिनो तोकुशिमा शहरापर्यंत जाते. वरचा उतार कोणी राखलाच नाही तर त्याची माती, त्याचं पाणी कुठे जाईल? पश्चिम इयातल्या एका मोठ्या सरकत्या उतारावर सरकार वर्षानुवर्षं पाण्याचा निचरा करण्याची कामं करतं आहे. उतारावर राहणारी माणसं झरे, चर, दगडी बांध रोज बघतात आणि कुठे काय हललं ते त्यांना आधी कळतं. ही राखण फुकट होत होती म्हणून हिशेबात आलीच नाही.

आणि दुसरं, ते ज्ञान. चाळीस अंशांच्या उतारावर माती टिकवून पोट कसं भरायचं, हे ज्ञान प्रयोगशाळेत परत तयार करता येत नाही. गवत कुठल्या आठवड्यात कापलं तर दांडा सावकाश कुजतो, कुठल्या पट्ट्यात सोबा आणि कुठे बटाटा, पाऊस कुठून वाहील, हे हाताला आणि पायाला माहीत असतं. ते एका माणसाकडून दुसऱ्याकडे शेजारी उभं राहूनच जातं. जगभर हवामान बदलत असताना, पाऊस एकाच दिवशी कोसळत असताना, असं ज्ञान हातचं घालवणं हा सगळ्या माणसांचा तोटा आहे. माळीण, तळिये, इर्शाळवाडी इथल्या दरडी पाहिलेल्या महाराष्ट्राने तरी डोंगरउतार राखण्याच्या विद्येकडे परकी म्हणून पाहू नये. आपली वरकस जमीन ओसाड पडते आहे, काही ठिकाणी फार्महाउसखाली जाते आहे, आणि नाचणी-वरी पेरणारे हात आपल्याकडेही म्हातारेच आहेत. इयाचा वारसा टिकला तर आपल्याला तिथून शिकता येईल. तिथे तो संपला तर पुस्तकं उरतील.

हे अशक्य नाही, याचे पुरावे त्याच प्रांतात आहेत. कामिकात्सू गावातल्या संत्र्याच्या बागा १९८१ च्या थंडीत जळाल्या. मग १९८६ पासून तिथल्या म्हाताऱ्या बायका डोंगरातली सुंदर पानं-फुलं गोळा करून मोठ्या उपाहारगृहांना ताटाच्या सजावटीसाठी विकू लागल्या, आणि तो व्यवसाय आजही चालतो. २००३ मध्ये याच गावाने कचरा शून्यावर आणायचा निर्धार जाहीर केला. कामियामा गावात रिकाम्या घरांमध्ये शहरातल्या संगणक कंपन्यांनी कार्यालयं थाटली, आणि २०२३ मध्ये तिथे तंत्रशिक्षणाचं नवं निवासी महाविद्यालय सुरू झालं. मुलं गाव सोडून जाण्याऐवजी गावात राहायला आली.

इयातही सुरुवात झाली आहे. १९७३ साली ॲलेक्स कर नावाच्या तरुण अमेरिकन माणसाने इथलं सुमारे तीनशे वर्षांचं पडकं घर विकत घेतलं, छप्पर शाकारलं, ते जपलं. त्याने जपानीत लिहिलेल्या पुस्तकाने शहरी जपान्यांचं या खोऱ्याकडे लक्ष गेलं. पुढे ओचिआईतली काही जुनी घरं त्याच्याच देखरेखीखाली दुरुस्त होऊन प्रवाशांना राहायला खुली झाली. बाहेरून तेच गवती छप्पर, आत जमिनीतली चूल, आणि त्याबरोबर गरम पाणी, स्वच्छ न्हाणीघर. परक्या माणसाने केलं म्हणून त्याचं महत्त्व कमी होत नाही. परका माणूस मनावर घेतो तेव्हा गावकऱ्यांना आपल्याच घराकडे नव्याने बघावंसं वाटतं. २००९ पासून जपान सरकार शहरी तरुणांना तीन वर्षांपर्यंत मानधन देऊन अशा गावांत कामाला पाठवतं. आज देशभर सात हजारांहून जास्त तरुण या योजनेत आहेत, आणि मुदत संपल्यावर त्यांच्यापैकी निम्म्याहून अधिक जण त्याच भागात राहतात. माणसं यायला तयार आहेत. त्यांच्या घासभर रोजीची सोय त्या डोंगरावर व्हायला हवी, एवढीच अट आहे. आणि ती रोजी पाहुणे, ग्राहक आणि शिकायला येणारे यांच्याकडून येते. म्हणजे आपल्याकडून.

२०२४ मध्ये भारतातून २ लाख ३० हजारांहून जास्त लोक जपानला गेले. बहुतेकांचा मार्ग ठरलेला: टोकियो, फुजी, क्योटो, ओसाका, हिरोशिमा. हिरोशिमाला जाणारी बुलेट ट्रेन ज्या ओकायामाहून जाते, त्या ओकायामाशी पुण्याचं मैत्रीचं नातं आहे. सिंहगड रस्त्यावरचं पु. ल. देशपांडे उद्यान ज्या कोराकुएन बागेवरून केलं, ती बाग याच ओकायामात आहे. आणि तिथूनच नानपू नावाची जलद गाडी समुद्रावरचा सेतो पूल ओलांडून शिकोकूत शिरते आणि दोन तासांच्या आत ओबोकेला, इयाच्या दाराशी उतरवते. पुढे बस आहेत, पण थोड्या. गाडी भाड्याने घेणं सोयीचं. भारतात आरटीओतून काढलेला आंतरराष्ट्रीय परवाना जपानमध्ये चालतो आणि तिथेही आपल्यासारखंच डावीकडून गाडी चालवतात. रस्ते अरुंद आहेत, घाटात गाडी चालवायची सवय हवी.

म्हणून माझी पहिली विनंती प्रवाशांना आणि सहली काढणाऱ्यांना आहे. इयात दोन रात्री राहा. पुलाजवळच्या मोठ्या हॉटेलपेक्षा वरच्या वाडीत, शेतकऱ्याच्या घरी किंवा दुरुस्त केलेल्या जुन्या घरात. पश्चिम तोकुशिमात शाळकरी मुलांच्या गटांना शेतकऱ्यांकडे मुक्कामाला पाठवणारी स्थानिक व्यवस्था कितीतरी वर्षांपासून चालू आहे, त्यामुळे पाहुण्याला घरात घ्यायची तिथल्या लोकांना सवय आहे. तिथलाच जाडसर, तुटका सोबा खा, तिथल्याच नाचणीचं पीठ आणि चहा विकत घ्या. बटाटा, टोफू आणि कोन्याकू (कंदाची चिवट वडी) काडीला लावून, मिसो (आंबवलेल्या सोयाबीनचं वाटण) फासून निखाऱ्यावर भाजतात, ते चुकवू नका. शाकाहारी असाल तर आधी कळवा, कारण सोब्याच्या रश्शात बहुधा वाळवलेल्या माशाचा अर्क असतो. ऑक्टोबर-नोव्हेंबरात गेलात तर गवताची गंजी रचताना हात लावायची संधी मागा.

दुसरी विनंती जपानमध्ये नोकरी करणाऱ्या मराठी मंडळींना. टोकियोच्या एदोगावा भागात भारतीयांची मोठी वस्ती आहे, आणि २०१९ मध्ये तिथल्या स्थानिक सभागृहावर योगेंद्र पुराणिक निवडून आले, म्हणजे मराठी माणूस तिथे आता पाहुणा राहिलेला नाही. २००८ पासून जपानमध्ये फुरुसातो नोझेई नावाची सोय आहे. जपानमध्ये कर भरणारा कोणीही, मग तो कुठल्याही देशाचा असो, आपल्या आवडीच्या गावाला देणगी देऊ शकतो. ठरावीक मर्यादेपर्यंत २,००० येन सोडून बाकीची रक्कम त्याच्या करातून वजा होते, वर गावाकडून तिथली एखादी वस्तूही भेट येते. तुमचा कर कुठे जावा हे तुम्हीच ठरवायचं आहे. या वर्षी मियोशी शहराचं नाव निवडा, आणि कार्यालयातल्या चार सहकाऱ्यांनाही सांगा.

तिसरं मागणं पुण्याला आहे. जपानी शिकणारी इतकी मुलं-मुली भारतात फार थोड्या शहरांत असतील. ऑगस्ट २०२५ मध्ये भारत आणि जपान यांनी पाच वर्षांत पाच लाख लोकांची देवाणघेवाण करायचं ठरवलं आहे. त्यातले बहुतेक कारखान्यांत आणि संगणक कंपन्यांत जातील, ते ठीकच. पण ज्यांना भाषा येते आणि ज्यांचे आजी-आजोबा अजून नाचणी पेरतात, अशा दहा-वीस जणांनी तरी इयात एक हंगाम काढावा. म्हाताऱ्या शेतकऱ्यांशी बोलावं, दळणाच्या गाण्यामागची माहिती टिपावी, गवताचं गणित लिहून घ्यावं, आणि ते मराठीत आणावं. दापोलीच्या कृषी विद्यापीठाने आणि इतर संस्थांनी तिथल्या उतारावरच्या शेतीचा अभ्यास हाती घ्यावा, आणि मावळ-कोकणातले वरकस कसणारे शेतकरी तिथे पाठवावेत. दोन्हीकडच्या माणसांना एकमेकांचं अवजार बघताच अर्धं काम कळेल.

यात उशीर करायला वाव नाही. आज तिथे शिकवणारी माणसं आहेत आणि ती बोलायला, दाखवायला, जेवू घालायला तयार आहेत. पुढच्या जपान सहलीचा कार्यक्रम आखताना क्योटोतले दोन दिवस कमी करा आणि ओकायामाहून ओबोकेचं तिकीट काढा.